माथेरान : डोंगरमाथ्यावरील एका गावाची ओळख

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपल्या अनेक धर्मग्रामांतून युवक-युवतींच्या, वेदीसेवक मुलांच्या आणि गायनवृंदांच्या सहली माथेरानला निघतात. दोन दिवस राहून मंडळी परततात ती चिक्कीचे पुडे, चामड्याच्या चपला आणि लाल धुळीने माखलेले बूट घेऊन. काय काय पाहिले असे विचारले तर पॉइंटांची नावे भराभर सांगितली जातात. परंतु ज्या गावात आपण राहिलो ते तेथे वसले कसे, तेथील माणसे कोण आणि त्यांच्या चुलीपर्यंत पिठाची गोणी कोणत्या वाटेने पोहोचते, हे मात्र फार थोड्यांना सांगता येते. वाचकांच्या माहितीसाठी या गावाचा भूगोल, इतिहास आणि वारसा येथे थोडक्यात देत आहोत.

स्थान व रचना

माथेरान हे रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ८०० मीटर भरते. नकाशात ते सह्याद्रीला चिकटलेले भासते, पण प्रत्यक्षात ते मुख्य रांगेपासून सुटलेले आहे. भीमाशंकर-ढाककडील सह्याद्रीचा कडा आणि माथेरानचा डोंगर यांच्या मधून उल्हास नदीचे खोरे जाते आणि त्याच खोऱ्यातून कर्जत-कल्याण लोहमार्ग धावतो. उत्तरेकडे पेब ऊर्फ विकटगड, पलीकडे चंदेरी आणि मलंगगड, नैर्ऋत्येस प्रबळगड आणि दक्षिणेस इर्शाळगड अशी शेजारची शिखरे आहेत. इर्शाळगड आणि त्याच्या पायथ्याशी असलेले चौक हे गाव खालापूर तालुक्यात मोडतात. त्यामुळे माथेरानचा डोंगर जितका कर्जतचा, तितकाच खालापूरचाही म्हणावा लागेल.

डोंगराचा माथा सपाट आहे. खाली काळा बेसाल्ट आणि वर जांभ्याचे टोपण अशी त्याची घडण. माती लाल आहे ती या जांभ्यामुळेच. जांभा हा सच्छिद्र दगड. पावसाळ्यात येथे कोकणातील सखल भागापेक्षा कितीतरी अधिक पाऊस पडतो, पण ते पाणी माथ्यावर ठरत नाही. काही वाहून जाते, काही जांभ्यातून झिरपून कड्यांच्या पोटातून झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. भर पावसात ढगांत बुडालेले हे गाव एप्रिल-मे महिन्यांत पाण्यासाठी व्याकूळ व्हावे, याचे कारण यातच आहे. शार्लट तलाव बांध घालून तयार करण्यात आला तो ही अडचण ओळखूनच. आज तेवढ्यावर भागत नाही. उल्हास नदीचे पाणी नेरळच्या बाजूने पंपांच्या साह्याने टप्प्याटप्प्याने वर चढवावे लागते.

मात्र डोंगर स्वतःजवळ जे पाणी ठेवीत नाही, ते तो खालच्यांना देतो. पूर्वेकडचे ओहोळ उल्हासला मिळतात. पश्चिमेकडे गाढी नदी उगम पावते आणि पनवेलवरून खाडीकडे जाते. दक्षिणेकडे चौकच्या बाजूने धावरी वाहते आणि तिच्यावरील मोरबे धरणातून नवी मुंबईला पाणी मिळते. वाशी-नेरूळच्या धर्मग्रामांतील आमच्या वाचकांनी घरचा नळ उघडताना या डोंगराची आठवण ठेवावयास हरकत नाही.

झाडी दाट आहे. जांभूळ, हिरडा, अंजनी ही येथील ओळखीची झाडे. शेकरू ही झाडावर राहणारी मोठी खार सकाळच्या वेळी फांद्यांवरून उड्या घेताना दिसते. माकडांविषयी लिहिण्याची गरज नाही. ज्यांच्या हातचा खाऊ गेला आहे, त्यांना ती ठाऊक आहेत.

'माथ्यावरचे रान' यावरून माथेरान हे नाव पडले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

वसाहतीचा प्रारंभ

ह्यू पॉइंट्झ मॅलेट हे १८५० साली ठाण्याचे कलेक्टर होते. त्या वेळी हा प्रदेश ठाणे जिल्ह्यात मोडत असे. पुढे तो कुलाबा जिल्ह्याला जोडला गेला आणि कुलाब्याचे रायगड हे नामांतर १९८१ साली झाले. मे १८५० मध्ये मॅलेट यांचा मुक्काम चौक येथे होता. समोर दिसणारा डोंगर चढून पाहावा असे त्यांच्या मनात आले. ज्याला आज वन ट्री हिल म्हणतात त्या बाजूने ते वर गेले आणि रामबागेच्या बाजूने उतरले. उन्हाळ्यातही वरची हवा थंड आणि सावली गर्द असल्याचे पाहून ते त्याच वर्षी पुन्हा आले आणि त्यांनी तेथे घर बांधले. बहुतेक माहितीपुस्तकांत 'मॅलेट यांनी माथेरानचा शोध लावला' असे वाक्य आढळते.

हा 'शोध' शब्द आम्हास खटकतो. मॅलेट ज्या पायवाटेने चढले ती कोणाच्या तरी पायांनी आधीच मळलेली होती. या डोंगरावर व त्याच्या उतारांवर धनगर, ठाकर आणि कातकरी राहत होते, गुरे चारीत होते, मध व हिरडा गोळा करीत होते. कातकरी हे नावच खैरापासून कात काढण्याच्या त्यांच्या व्यवसायावरून आले आहे. तलावाच्या काठचा पिसारनाथ हा येथील ग्रामदैवत मानला जातो. मॅलेट यांनी जे केले ते वेगळे होते. त्यांनी मुंबईच्या साहेबलोकांना डोंगराची वाट दाखविली.

१८५३ ते १८६० या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेले लॉर्ड एल्फिन्स्टन यांना हे ठिकाण आवडले आणि गावाच्या उभारणीला वेग आला. पाठोपाठ लोहमार्गाची मदत झाली. १८५६ साली आगगाडी कल्याणपुढे नेरळ, कर्जत करीत खोपोलीपर्यंत पोहोचली आणि मुंबईहून निघालेला माणूस त्याच दिवशी डोंगराच्या पायथ्याशी येऊ लागला. बंगले उठले. प्रथम इंग्रजांचे, मागोमाग पारशी, बोहरी आणि गुजराती व्यापाऱ्यांचे. जॉन स्मिथ या डॉक्टरांनी येथील माणसे, वनस्पती व प्राणी यांवर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १८७१ साली प्रसिद्ध झाला. वसाहत उभी राहून तेव्हा जेमतेम वीस वर्षे होत होती.

या बंगल्यांतील प्रत्येक तुळई, कौल, काच, पलंग आणि पियानो खालून वर आला. कोणी आणला? हमालांनी डोक्यावरून, तट्टांनी पाठीवरून. साहेब घोड्यावर बसत, मडमा व मुले डोलीतून जात आणि डोली खांद्यावर असे. ज्या माणसांनी हे गाव अक्षरशः उचलून वर ठेवले, त्यांची नावे कोठल्याही फलकावर नाहीत. पॉइंटांना मात्र शार्लट, लुइझा, अलेक्झांडर अशी नावे मिळाली.

छोटी आगगाडी

नेरळ-माथेरान गाडीची कथा आमच्या वाचकांनी ऐकलेली असेल. सर आदमजी पीरभॉय हे मुंबईतील मोठे उद्योजक. एकदा नेरळला त्यांना ना घोडा मिळाला ना डोली, आणि तेव्हाच त्यांनी डोंगरावर गाडी नेण्याचा निर्धार केला, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिका खरी असो वा नसो, त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी हे काम अंगावर घेतले व तडीस नेले हे निश्चित. खर्च सुमारे १६ लाख रुपये आला आणि तो पीरभॉय कुटुंबाने केला. अरुंद मार्गांचे नामांकित अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांचा सल्ला घेण्यात आला. २२ मार्च १९०७ रोजी मार्ग खुला झाला.

रुळांमधील अंतर अवघे दोन फूट. लांबी सुमारे २१ किलोमीटर. पक्ष्याच्या उड्डाणाने मोजले तर नेरळ आणि माथेरान यांतील अंतर याच्या निम्मेही भरणार नाही, पण सुमारे साडेसातशे मीटर चढण चढावयाची तर गाडीला डोंगराभोवती वळसे घ्यावेच लागतात. चढ काही ठिकाणी वीस फुटांस एक फूट इतका आहे. वाटेत जुम्मापट्टी, वॉटर पाइप आणि अमन लॉज ही स्थानके लागतात. एकच लहानसा बोगदा आहे. इतक्या तीव्र वळणांसाठी जर्मनीतील ओरेन्स्टाइन आणि कोपेल या कंपनीची चार वाफेची इंजिने मुद्दाम बनवून घेतली होती. त्यांच्या चाकांच्या जोड्या वळणागणिक किंचित सरकत, म्हणून ती रुळांवरून घसरत नसत. पुढे डिझेलची इंजिने आली. हा मार्ग भारतातील पर्वतीय रेल्वेंमध्ये समाविष्ट व्हावा यासाठी युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत नोंदविलेला आहे.

डोंगराने या गाडीची परीक्षा अनेकदा पाहिली. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग उद्ध्वस्त झाला आणि २००७ साली, म्हणजे शताब्दीच्या वर्षी, तो पुन्हा सुरू झाला. २०१६ च्या मे महिन्यात डबे घसरल्याने गाडी बंद ठेवण्यात आली. २०१९ च्या पावसाने पुन्हा रूळ वाहून नेले आणि नेरळहून वर जाणारी गाडी २२ ऑक्टोबर २०२२ रोजीच पुन्हा धावू शकली.

माथेरानचा सुपुत्र

माथेरानचा इतिहास बंगल्यांतच शोधणाऱ्यांनी गावातील नाभिक समाजाच्या एका घराकडे पाहावे. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी येथे झाला. सर्वत्र ते भाई कोतवाल म्हणून ओळखले जातात. गरिबीतून शिकून ते वकील झाले. वकिली करून मुंबईत सुखाने राहता आले असते, पण ते परतले. माथेरानच्या नगरपालिकेत निवडून आले, उपाध्यक्ष झाले, मुलांसाठी शाळा काढल्या. खालच्या गावांतील शेतकरी सावकाराच्या पाशात अडकलेला पाहून त्यांनी धान्यकोठ्यांची योजना आखली.

१९४२ च्या चळवळीत ते भूमिगत झाले आणि त्यांनी 'आझाद दस्ता' उभारला. कर्जत-मुरबाडच्या डोंगरांतून मुंबईकडे जाणाऱ्या विजेच्या तारांचे मनोरे पाडून या तरुणांनी सरकारला जेरीस आणले. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी त्यांना गाठले. भाई कोतवाल आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील तेथेच हुतात्मा झाले. कोतवालांना एकतिसावे वर्ष नुकतेच लागले होते. सहलीला गेलेल्या मुलांना एको पॉइंटवर नेऊन ओरडावयास लावणाऱ्या आमच्या ताया-दादांनी ही कथाही त्यांना अवश्य सांगावी, अशी विनंती आहे.

प्रार्थनास्थळे

एवढ्याशा गावात राममंदिर, मशीद व दोन चर्चेस आहेत. सेंट पॉल्स हे चर्च एकोणिसाव्या शतकात अँग्लिकन पंथीयांनी बांधले. कॅथोलिकांचे चर्च पवित्र क्रूसाला समर्पित आहे. माथेरानच्या वसाहतीत कॅथोलिक प्रारंभीपासून आहेत, परंतु त्यांची संख्या नेहमीच थोडी राहिली.

वाहनबंदी आणि हातरिक्षा

माथेरानचे खरे वैशिष्ट्य कोणते, असे विचारल्यास आम्ही वाहनबंदीकडे बोट दाखवू. दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटारगाडी जात नाही. अपवाद रुग्णवाहिका आणि अग्निशमन यांसारख्या सेवांचा. ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने माथेरान व भोवतालचा सुमारे २१५ चौरस किलोमीटरचा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित केला. त्यामुळे झाडी वाचली, हवा वाचली, रात्रीची शांतता वाचली. येथे आलेले मूल रस्त्याच्या मधोमध निर्धास्त धावू शकते. आमच्या शहरांत हे भाग्य कोठे?

परंतु गाडी जात नाही म्हणजे ओझे जात नाही असे नव्हे. दस्तुरीपासून बाजारपेठेपर्यंतची सुमारे अडीच-तीन किलोमीटरची वाट कोणाच्या तरी अंगमेहनतीवरच चालत आली. चारशेहून अधिक घोडे, शिवाय हमाल आणि हातरिक्षा. हातरिक्षा ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन चाकांची खुर्ची, पुढे एक जण ओढणारा आणि मागून एक-दोघे ढकलणारे. आत बसलेले वृद्ध, आजारी, पुष्कळदा धडधाकट पर्यटकही. लाल मातीचा चढ, पावसाळ्यात चिखल. अशा ९४ हातरिक्षांना परवाने होते.

या श्रमिकांनीच मागणी केली की आम्हाला विजेवर चालणारी रिक्षा चालवू द्या. आम्हास हे फार महत्त्वाचे वाटते. सुधारणेची कल्पना बाहेरून आली नाही. रिक्षा ओढणाऱ्यांनी स्वतः ती मांडली आणि अनेक वर्षे धरून ठेवली. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर परवानगी दिली आणि डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षा धावू लागली. शाळकरी मुले आणि वयोवृद्ध यांना तिचा सर्वाधिक आनंद झाला.

विरोधही झाला आणि तो सर्वस्वी स्वार्थाचा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. घोड्यावर ज्याचे पोट आहे त्याने काय करावे? ई-रिक्षांसाठी रस्त्यावर फरसबंदी झाली की घोड्यांचे पाय घसरतात, अशी घोडेवाल्यांची तक्रार. फरसबंदी न करावी तर पावसाळ्यात लाल माती वाहून जाते. आज ई-रिक्षा, उद्या मोटार, ही धास्ती तर सर्वांचीच. दुसरीकडे, दस्तुरी नाक्यावर पर्यटकांची दिशाभूल व लूट होते, या तक्रारीवरून मार्च २०२५ मध्ये खुद्द गावकऱ्यांनीच गाव बंद ठेवले होते.

६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने निर्णय दिला. माणसाने माणसाला ओढावे ही प्रथा अमानुष असून ती सहा महिन्यांत बंद करावी, असा आदेश शासनाला झाला. पंजाबातील रिक्षाचालकांविषयी १९८० साली याच न्यायालयाने दिलेल्या निकालाचे स्मरण करून, इतक्या वर्षांनंतरही ही प्रथा टिकावी याबद्दल न्यायमूर्तींनी खेद व्यक्त केला. ई-रिक्षा प्रथम प्रत्यक्ष ओढणाऱ्यांना मिळाव्यात, उरलेल्या आदिवासी महिला व इतर गरजूंना द्याव्यात आणि निधी नाही ही सबब चालणार नाही, असेही सांगितले. फरसबंदीस दस्तुरी नाका ते शिवाजी महाराजांचा पुतळा या मुख्य वाटेपुरती परवानगी मिळाली. आतील रस्ते आणि डोंगरवाटा मातीच्याच राहावयाच्या आहेत.

आल्प्स पर्वतात स्वित्झर्लंडमधील त्सेरमाट हे गाव आहे. तेथेही मोटारी गावात येत नाहीत. त्या पाच किलोमीटर अलीकडे टेश येथे थांबतात आणि पुढे लोक १८९१ साली सुरू झालेल्या छोट्या गाडीने जातात. गावात विजेवरची लहान वाहने अनेक दशके फिरत आहेत, घोडागाड्याही आहेत, आणि गाव मोटारींनी गिळले गेले नाही. तेव्हा ई-रिक्षा आली म्हणून माथेरान बुडेल, हे भय आम्हास अनाठायी वाटते. मात्र त्या रिक्षाचे उत्पन्न ओढणाऱ्याच्याच घरी जाते की नाही, यावर गावाला लक्ष ठेवावे लागेल.

उतारावरच्या वाड्या

माथ्यावरच्या गावाबद्दल इतके लिहिल्यावर उतारावरच्या वाड्यांना वगळणे बरे नाही. नेरळच्या बाजूस बेकरेवाडी, आसलवाडी यांसारख्या ठाकर वस्त्या आहेत. पनवेलच्या बाजूस डोंगराच्या पायथ्याशी धोदाणी आहे. या भागातील स्त्री-पुरुष दूध, भाजी, रानमेवा घेऊन पहाटे चढतात आणि विकून उतरतात. माथेरानच्या उपाहारगृहातील काकडी अनेकदा अशी डोक्यावरून आलेली असते. घाटरस्त्याने आपण अर्ध्या तासात वर पोहोचतो, पण यांपैकी काही वाड्यांपर्यंत चांगला रस्ता व्हावा यासाठी रहिवाशांना वर्षानुवर्षे अर्ज करावे लागले आहेत. आजारी माणसाला झोळीत घालून खाली आणण्याचे प्रसंग येतात.

चौकच्या बाजूला इर्शाळगडाच्या कुशीत इर्शाळवाडी होती. सुमारे सव्वादोनशे वस्तीची ठाकरांची वाडी. १९ जुलै २०२३ च्या रात्री, मुसळधार पावसात, वरचा डोंगर तिच्यावर कोसळला. वाडीपर्यंत वाहनाचा रस्ता नव्हता. यंत्रे नेता आली नाहीत. जवानांनी आणि स्वयंसेवकांनी तास-दीड तास चिखलातून चढून हातांनी माती उपसली. मदतीला निघालेला नवी मुंबई अग्निशमन दलाचा एक अधिकारी चढतानाच मरण पावला. २७ मृतदेह सापडले. २३ जुलै रोजी शोध थांबविण्यात आला तेव्हा ५७ जण बेपत्ता होते आणि ते त्याच मातीत राहिले. वाचलेल्या कुटुंबांसाठी चौक परिसरात सिडकोमार्फत ४४ घरे बांधण्यात आली. माथेरानच्या दक्षिण टोकावरील पॉइंटांवरून इर्शाळगड समोर दिसतो. तेथे उभे राहिल्यावर छायाचित्र काढण्याआधी क्षणभर मौन पाळावे, एवढेच सुचवितो.

जाणाऱ्यांसाठी

मुंबईहून कर्जत किंवा खोपोलीकडे जाणाऱ्या लोकलने नेरळ स्थानकावर उतरावे. तेथून दस्तुरी नाक्यापर्यंत टॅक्सी मिळते. छोटी गाडी नेरळहून पावसाळा वगळून धावते. साधारणतः जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ती बंद असते, पण अमन लॉज ते माथेरान ही फेरी पावसाळ्यातही सहसा चालू राहते. चालणाऱ्यांसाठी नेरळहून रुळांच्या कडेने, धोदाणीहून, तसेच चौकच्या बाजूने वन ट्री हिलची वाट आहे. ही शेवटची वाट अवघड असून पावसाळ्यात तिच्या वाटेस जाऊ नये. स्थानिक वाटाड्या बरोबर असल्याशिवाय तर मुळीच नाही.

रविवारी गट घेऊन जाणाऱ्यांनी पवित्र क्रूस चर्चमधील मिस्साविषयी निघण्यापूर्वीच चौकशी करावी. प्लास्टिकच्या पिशव्या नेऊ नयेत, माकडांना खाऊ घालू नये. आणि दस्तुरीपासून पुढे प्रत्येकाला स्वतः उचलता येईल तेवढेच सामान बरोबर घ्यावे.